इंदूरच्या रोजच्या जा-येसाठी सेडान: टेस्ट ड्राइव्हमध्ये आराम असा जोखा

सेडानची टेस्ट ड्राइव्ह इंदुरात साधारण पंधरा-वीस मिनिटांची असते, आणि तिचा मोठा भाग सुपर कॉरिडॉर, एमआर-१० किंवा बायपाससारख्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर जातो. तिथे कुठलीही नवी गाडी छानच वाटते. पण सुदामा नगरातून पिथमपूरला, विजय नगरातून देवासला किंवा लोकमान्य नगरातून सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपनीत रोज जाणाऱ्याचा बराचसा वेळ ताशी ८० च्या वेगात जातच नाही. तो जातो भंवरकुआंच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, कॉलनीतल्या गतिरोधकांवर, सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यांवर आणि चेंबरच्या झाकणांवर. गाडीचा खरा आराम कळतो तो ताशी १० ते ४० या वेगात, आणि सीटवर अर्धा तास बसल्यावर. या दोन्ही गोष्टी सेल्समनच्या ठरलेल्या फेरीत नसतात. त्या आपणच मागून घ्यायच्या.

इथे मारुती डिझायर, होंडा अमेझ, होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस या सहा गाड्या फक्त आरामाच्या अंगाने पाहिल्या आहेत. स्क्रीन, सनरूफ, मायलेज यांवर भरपूर लिहून झालं आहे. सहाही गाड्यांच्या सस्पेन्शनची मूळ मांडणी एकच आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग-शॉकर), मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा). म्हणजे ब्रोशर वाचून फरक कळणार नाही. फरक पडतो तो स्प्रिंग आणि शॉकर कसे बसवले आहेत त्याने, टायरच्या भिंतीच्या उंचीने, व्हीलबेसने (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराने) आणि सगळ्यात जास्त सीटने.

आधी सीट, तीही इंजिन बंद ठेवून

गाडी रस्त्यावर काढायच्या आधी शोरूममध्येच ड्रायव्हरच्या सीटवर किमान वीस मिनिटं बसा. सेल्समन बोलत असतो, कागद दाखवत असतो, तो वेळ उभं राहून घालवण्यापेक्षा सीटवर घालवा. मागच्या खिशातलं पाकीट आणि मोबाइल आधी काढून ठेवा, नाहीतर कमरेचं हाड एका बाजूला कलतं आणि दोष सीटला जातो. कुल्ले पाठीला पूर्ण चिकटेपर्यंत मागे सरका. डावा पाय क्लचवर पूर्ण दाबा (ऑटोमॅटिक असेल तर डाव्या बाजूच्या डेड पेडलवर, म्हणजे पाय टेकवायच्या पट्टीवर, ठेवा). गुडघा थोडा वाकलेला राहील इतकंच सीट पुढे घ्या. पाठ उभ्यापासून थोडीच मागे कलती ठेवा, झोपाळू कोन नको. खांदे पाठीला टेकलेले असताना हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. तसं होत नसेल आणि स्टिअरिंग फक्त वर-खाली होत असेल, पुढे-मागे होत नसेल, तर उंच माणसाला पाय मोकळे ठेवायचे की हात, यातलं एकच निवडावं लागतं. हा दोष पहिल्या दिवशी जाणवत नाही, महिनाभराने खांद्यात जाणवतो.

आता सीटच्या पुढच्या कडेला आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीला किती जागा राहते ते बोटांनी मोजा. दोन-तीन बोटं जागा म्हणजे ठीक. चार-पाच बोटं जात असतील तर सीटचा बैठा भाग तुमच्या मांडीसाठी आखूड आहे, आणि मांडीचा भार कुल्ल्यांवर येतो. एकही बोट जात नसेल तर कड पोटरीवरची नस दाबते आणि पाऊल मुंग्यायला लागतं. सीट जरा उंच केल्यावर मांडीची पुढची बाजू हवेत राहते का, हेही पाहा. छोट्या सेडानमध्ये उंची वाढवली की बैठा भाग सपाटच वर जातो, पुढून उचलला जात नाही. अशा वेळी उंच माणूस सीट खालीच ठेवून चालवतो आणि बॉनेटचा अंदाज गमावतो.

फोमबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. शोरूममध्ये मऊ लागणारी सीट हमखास आवडते. मऊ फोम पहिल्या दहा मिनिटांत अंगाला धरून घेतो, पण अर्ध्या तासात दबून जातो आणि मग माकडहाड खालच्या चौकटीशी बोलायला लागतं. हे तपासायला कोपर सीटच्या मध्यभागी ठेवून अंगाचा भार द्या. खालची तार किंवा चौकट सहज लागत असेल तर ती सीट पिथमपूरच्या जा-येला पुरणार नाही. स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या सीट पहिल्यांदा कडक लागतात. पाठीचा बाजूचा आधार आणि मांडीखालचा आधार मात्र त्यांचा या सहांत सगळ्यात भक्कम आहे, आणि तासाभराच्या प्रवासात त्याच जिंकतात असं आमचं स्पष्ट मत आहे.

वीस मिनिटांनी कुठे दुखायला लागतं ते कारण सांगून जातं. माकडहाड दुखलं तर बैठा भाग आखूड किंवा फोम पातळ. कमरेच्या वर, पट्ट्याच्या जागी दुखलं तर पाठीचा फुगीर भाग तुमच्या उंचीशी जुळत नाही. तो फुगीर भाग हलवता येत असेल तर हलवून पुन्हा बसा. डावा खांदा अवघडला तर आर्मरेस्ट खूप खाली किंवा खूप मागे आहे. मानेत ओढ आली तर हेडरेस्ट डोकं पुढे ढकलतो आहे. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच असला पाहिजे, आणि मागून धडक बसली तर मान वाचवायचं कामही तोच करतो, म्हणून तो काढून टाकणं हा उपाय नाही.

पिथमपूरच्या कारखान्यात जाणाऱ्यांनी टेस्ट ड्राइव्हला सेफ्टी शूज घालूनच जावं. लोखंडी टोकाच्या त्या रुंद बुटात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलताना बुटाची डावी कड ब्रेकच्या पेडलखाली अडकते का, हे चपलेत किंवा स्पोर्ट्स शूजमध्ये कळत नाही. ब्रेकचं पेडल अ‍ॅक्सिलरेटरपेक्षा किती वर आहे तेही पाहा. उंचीत जास्त फरक असेल तर दर वेळी टाच उचलावी लागते, आणि गर्दीत हे शेकडो वेळा होतं. त्याने नडगीच्या पुढचा स्नायू दुखतो. डेड पेडल अरुंद असेल तर तोच बूट त्यावर तिरका बसतो.

देवासला जाणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. देवास इंदूरच्या ईशान्येला, म्हणून सकाळी जाताना ऊन समोरून आणि संध्याकाळी परततानाही समोरूनच. सन व्हायझर खाली केल्यावर तो डोळ्यांपर्यंत पोचतो का, बाजूला वळवला तर मागच्या कोपऱ्यात फट राहते का, आणि डॅशबोर्डचा फिका रंग काचेत उमटतो का, हे सकाळी साडेआठ-नऊच्या उन्हात बघा. दुपारी शोरूमच्या सावलीत बेज रंगाचं इंटिरिअर सुंदर दिसतं, काचेवर मात्र ते दिवसभर तरंगत राहतं. पिथमपूर नैर्ऋत्येला असल्याने तिकडच्यांची पाठ दोन्ही वेळा उन्हाकडे असते. त्यांनी आरशातल्या चकाकीकडे लक्ष द्यावं.

चावी घेण्याआधी हवा तपासा

टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत हवा जास्त असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. कारखान्यातून निघताना आणि यार्डात उभी असताना टायर चपटा पडू नये म्हणून हवा जास्त भरतात, आणि ती कमी करायची कुणाला आठवण राहत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, मधल्या खांबाला, हवेचं स्टिकर असतं. त्यावर समजा ३२ पीएसआय लिहिलं आहे आणि टायरमध्ये ४० आहे, तर टायर जवळजवळ चतुर्थांशाने कडक झाला. अशा गाडीत बसून 'सस्पेन्शन कडक आहे' असं म्हणणं हा त्या गाडीवर अन्याय आहे. उलटही होतं: २६-२७ पर्यंत उतरलेली हवा खड्डे गिळते, स्टिअरिंग मात्र जड आणि ढिलं होतं. खिशात मावणारा गेज फार महाग नसतो, तो घेऊन जा. हवा गाडी थंड असताना मोजायची. उन्हात उभी असलेली किंवा आत्ताच फिरून आलेली गाडी दोन-तीन पीएसआय जास्त दाखवेल, तेवढी सूट द्या.

दुसरी गोष्ट टायरच्या मापाची. टेस्टसाठी ठेवलेली गाडी बहुधा सर्वांत वरच्या व्हेरियंटची असते, आणि तुम्ही घेणार असता मधलं. डिझायरच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ टायर येतो (१८५ मि.मी. रुंदी, भिंत तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), म्हणजे रिमच्या बाहेर सुमारे १२० मि.मी. रबर. खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर १४ येतो, तिथे ही भिंत १३२ मि.मी.च्या आसपास जाते. सिटीच्या वरच्या व्हेरियंटच्या १८५/५५ आर १६ ला जेमतेम १०२ मि.मी. भिंत उरते, तर व्हर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या २०५/५५ आर १६ ला ११३ मि.मी. चेंबरच्या धारदार कडेवर पहिला दणका स्प्रिंग घेत नाही, टायरची भिंत घेते. म्हणून वरच्या व्हेरियंटमध्ये दणका जाणवला तरी तेच मॉडेल १५ इंची रिमवर बरंच मवाळ निघू शकतं. मोठं अलॉय दिसायला चांगलं, रोजच्या जा-येला त्याचा काही उपयोग नाही. मधलं व्हेरियंट घेण्याचं हे एक चांगलं कारण आहे, आणि ते कुणी सांगत नाही.

रस्ता तुम्ही ठरवा

फेरीचा रस्ता आधी फोनवरच सांगून ठेवा: थोडी कॉलनी, थोडा एबी रोड गर्दीच्या वेळी, थोडा सिमेंटचा रस्ता आणि शेवटी बायपास. सकाळी नऊ-साडेनऊ किंवा संध्याकाळी साडेसहाची वेळ मागा. रविवार सकाळची फेरी आरामाच्या हिशेबाने वाया जाते. पहिली फेरी गाणी आणि एसीचा पंखा बंद ठेवून करा.

गतिरोधकापासून सुरुवात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सें.मी. उंच असतो, आणि ताशी २५ ने आरामात ओलांडता येतो. कॉलनीतले लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक मात्र अरुंद आणि टोकदार असतात, त्यांना हा हिशेब लागू नाही. दोन्ही प्रकारांवर ताशी १५ आणि २५ ने जा. पुढची चाकं उतरल्यावर बॉनेट एकदा खाली जाऊन वर येऊन थांबलं, तर शॉकर बरोबर. दोन-तीनदा हललं तर गाडी मऊ आहे. ती शहरात सुखद लागेल, पण बायपासवर पाळण्यासारखी डुलेल. मागची चाकं उतरताना 'ठक' असा कोरडा आवाज आला तर मागचं सस्पेन्शन शेवटपर्यंत दबलं किंवा शेवटपर्यंत लोंबलं. हे गाडीत चार माणसं असताना पुन्हा करून बघा. एकट्याने चालवलेली सेडान मागून नाचते, भरलेली शांत होते पण पोट घासते. स्लाव्हिया-व्हर्टसचं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १७९ मि.मी., अमेझचं १७२, सिटीचं १६५ आणि डिझायरचं १६३. स्लाव्हिया-व्हर्टसचा आकडा रिकाम्या गाडीचा आहे. चार माणसं आणि डिकीत सामान भरल्यावर कुठलीही गाडी बरीच खाली बसते. आणि लांब व्हीलबेसच्या गाडीचं पोट टोकदार गतिरोधकावर आधी टेकतं. व्हर्नाचा व्हीलबेस २६७० मि.मी., डिझायरचा २४५०.

मग एका बाजूची चाकंच चेंबरच्या झाकणावरून न्या, ताशी ३० च्या आसपास. ट्विस्ट बीममध्ये मागची दोन चाकं एका दांड्याने जोडलेली असतात, त्यामुळे डाव्या चाकाचा खड्डा उजवीकडेही थोडा पोचतो. बघायचं ते डोकं. डोकं डावी-उजवीकडे झटकलं जात असेल तर गाडी आडवी कडक आहे. अशा झटक्यांनी मान थकते, आणि मागे बसलेल्यांना ते जास्त जाणवतात कारण त्यांच्या हातात धरायला स्टिअरिंग नसतं.

सिमेंटचा रस्ता ही खरी परीक्षा आहे. इंदुरात असे रस्ते भरपूर. त्यांच्या आडव्या सांध्यांमध्ये साधारण साडेचार मीटर अंतर असतं. ताशी ४० ने गेलात तर सेकंदाला अडीच ठोके बसतात, ताशी ६५ ला चार. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना सर्वांत संवेदनशील असतं ते सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या कंपनांना. कंपनांच्या मोजणीचं आयएसओ २६३१ हे मानक याच गोष्टीवर उभं आहे. म्हणून तोच सिमेंटचा पट्टा एकदा ४० ने आणि, वेगमर्यादा आणि वाहतूक परवानगी देत असेल तर, एकदा ६५ च्या जवळपास जाऊन पाहा. चांगल्या गाडीत ठोका ऐकू येतो पण पोटात पोचत नाही. वाईट गाडीत छाती आणि गाल थरथरतात आणि आपण नकळत वेग कमी करतो. स्टिअरिंग धरलेले हात आणि जमिनीला टेकलेली टाच, या दोन ठिकाणी लक्ष द्या. तिथे बारीक झिणझिण आली तर ती टायर आणि बुशमधून (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या रबरातून) येते, आणि पुढे वाढतच जाते.

बायपासवर वेगळं पाहायचं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचे डांबरी रस्ते काही वर्षांत लांब लाटांसारखे होतात. खड्डा एकही नसतो, तरी गाडी वर-खाली होते. ताशी ८० ला अशा लाटेवर गाडी वर गेली की लगेच खाली येऊन स्थिर व्हायला हवी. वर गेल्यावर पोटात हलकं वाटलं आणि खाली येताना दबकली तर मागे बसलेल्याला मळमळ होणार, विशेषतः मोबाइल बघत बसणाऱ्याला. स्लाव्हिया आणि व्हर्टस इथे सगळ्यात पक्क्या. कमी वेगात त्या गचके सांगतात, पण वेग वाढला की शांत होतात. सिटी आणि डिझायर याच्या उलट: गल्लीत आणि चौराह्यावर मवाळ, बायपासच्या लाटांवर जरा जास्त हलणाऱ्या. व्हर्ना मध्ये कुठेतरी, लांब व्हीलबेसमुळे पुढे-मागे डुलणं कमी. राऊच्या पुढे पिथमपूरकडे ट्रकांनी दबलेल्या डांबरात चर असतील तर स्टिअरिंग हलकं धरून गाडी चराच्या मागे ओढली जाते का तेही बघा. रुंद टायर जास्त ओढले जातात.

पिथमपूरलाच नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचे ट्रॅक आहेत, ११.३ किलोमीटरच्या हाय स्पीड ट्रॅकसह, आणि त्यात आरामाच्या चाचणीसाठी वेगळा ट्रॅकही आहे. पण कंपन्या गाडी साऱ्या देशासाठी जुळवतात. तुमच्या घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता तपासणं तुमचंच काम आहे.

रांगत चालताना गिअरबॉक्स

भंवरकुआं ते राजेंद्र नगर, किंवा एलआयजी ते पलासिया, संध्याकाळी. ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता गाडी रांगू द्या. ताशी ५ ते १० च्या दरम्यान ती एकसारखी चालते का, की ढकलून थांबते? ऑटोमॅटिकच्या प्रकारांत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी) इथे सर्वांत गुळगुळीत. अमेझ आणि सिटीची सीव्हीटी गर्दीत उत्तम चालते. जोरात दाबली की इंजिन आधी ओरडतं आणि वेग मागून येतो, पण रोजच्या जा-येत तसं दाबायची वेळ थोडी येते. व्हर्नाच्या साध्या १.५ इंजिनालाही सीव्हीटीच्याच जातीचा गिअरबॉक्स आहे. स्लाव्हिया-व्हर्टसच्या १.० लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाला टॉर्क कन्व्हर्टर येतो आणि १.५ ला ड्युअल क्लचचा डीएसजी. गर्दीत दिवस काढायचे असतील तर आम्ही १.० चा टॉर्क कन्व्हर्टरच निवडू. डीएसजी मोकळ्या रस्त्यावर सुरेख, पण कोरडे क्लच सतत रांगताना तापतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कधी कधी चुळबुळ करतात.

डिझायरचा एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र सांभाळतं) सगळ्यात स्वस्त ऑटोमॅटिक आहे आणि त्याचं वागणंही त्याच मापाचं. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे झुकते. गिअर बदलतानाच पाय थोडा सैल केला तर झुकणं बरंच कमी होतं. हे जमतं का ते टेस्टमध्येच करून पाहा. नाही जमलं तर मॅन्युअल घ्या किंवा अमेझची सीव्हीटी पाहा. चढावावर उड्डाणपुलाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघा. गाडी मागे सरकते की धरून ठेवते, हे तिथे लगेच कळतं.

मॅन्युअलमध्ये क्लच किती हलका आहे यापेक्षा तो कुठे पकडतो हे महत्त्वाचं. अगदी वर, पाय जवळजवळ सुटल्यावर पकडत असेल तर प्रत्येक वेळी गुडघा पूर्ण उचलावा लागतो. सिग्नलला उभं असताना क्लच लागोपाठ पंधरा-वीस वेळा दाबून सोडा. मांडीत ओढ आली तर ती गाडी गर्दीची नाही. ब्रेकही असाच: पेडल जेमतेम हललं आणि गाडी दचकून थांबली तर मागची माणसं दिवसभर मान हलवत बसतील.

सिग्नलला उभी असताना तीन सिलिंडर आणि चार सिलिंडर यांचा फरक कळतो. डिझायरचं १.२ लिटर आणि स्लाव्हिया-व्हर्टसचं १.० लिटर तीन सिलिंडरचं, अमेझ, सिटी आणि व्हर्ना चार सिलिंडरच्या. एसी चालू ठेवून, डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवून उभे राहा आणि हात सीटच्या बाजूला टेकवा. कंप सीटपर्यंत येतो की फक्त स्टिअरिंगपर्यंत, एवढंच बघा. स्लाव्हिया आणि व्हर्टस सिग्नलला इंजिन आपोआप बंद करतात. मे महिन्यात एसीचा गारवा त्या काळात किती टिकतो ते पाहून घ्या, आणि ही सोय बंद करायचं बटण कुठे आहे ते सेल्समनला विचारा.

मागची सीट, आवाज, एसी

घरातल्या थोरल्या मंडळींना बरोबर घ्या, त्यांच्याशिवाय मागची सीट तपासता येत नाही. सेडान मुळातच खाली बसलेली असते. आजी आधी पाठमोरी बसते आणि मग एक-एक पाय आत घेते. त्या वेळी दाराची खालची चौकट किती रुंद आहे, दार पूर्ण उघडतं का, छताची उतरती कड डोक्याला लागते का आणि वर धरायला कडी आहे का, हे दिसतं. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर गेले तर भार पुन्हा माकडहाडावर. सिटीची मागची सीट या सहांत सगळ्यात आरामशीर आणि मोकळी. व्हर्नाला पायांना जागा भरपूर, पण उंच माणसाचं डोकं उतरत्या छताजवळ जातं. स्लाव्हिया-व्हर्टसमध्ये दोघांची बैठक उत्तम, तिसऱ्याची अडचणीची. डिझायर आणि अमेझमध्ये दोघांना पाय पसरायला पुरेशी जागा, पण मांडीला आधार कमी. सनरूफ असेल तर पुढच्या डोक्यावरची जागा थोडी जाते. पगडी बांधणाऱ्याने किंवा सहा फुटी माणसाने बिनसनरूफचं व्हेरियंटही बसून पाहावं.

आवाज मोबाइलच्या अ‍ॅपने मोजता येतो, पण त्याचा आकडा फक्त तुलनेला. एकाच फोनने, एकाच ठिकाणी धरून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने दोन गाड्या मोजा. तीन डेसिबलचा फरक कानाला स्पष्ट जाणवतो. सिमेंटवर ताशी ६० ला येणारी घरघर टायरची असते, बायपासवर आरशाजवळची सळसळ वाऱ्याची. टायरची घरघर ब्रँड बदलून कमी होते, वाऱ्याची नाही.

एसीची परीक्षा उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीत. काचा मिनिटभर उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा आणि मागे बसलेल्याला गार हवा कधी लागली ते विचारा. व्हर्ना, स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या वरच्या व्हेरियंटमध्ये पुढच्या सीटला हवा खेळवणारे पंखे आहेत. इंदूरच्या एप्रिल-मेमध्ये ही चैन नाही. शर्ट पाठीला चिकटत नाही हा मोठाच आराम आहे, सनरूफपेक्षा कितीतरी उपयोगाचा.

कुणी काय घ्यावं

शहराच्या आतच फिरायचं असेल, राजवाड्याकडच्या गल्ल्यांपासून विजय नगरापर्यंत, तर अमेझ सीव्हीटी पहिली. चार सिलिंडरचं शांत इंजिन, रांगताना गुळगुळीतपणा आणि जमिनीपासून बऱ्यापैकी उंची. डिझायरची मऊ चाल आणि ४.८ मीटरची वळण्याची त्रिज्या जुन्या वस्तीत कामी येते, पण ती मॅन्युअलमध्ये जास्त आवडेल. या दोन्ही लांबीने चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत असल्याने २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर १८ टक्के जीएसटी आहे, बाकी चौघींवर ४० टक्के. वाचलेला पैसा चांगल्या टायरवर घालता येतो.

देवास किंवा पिथमपूर रोज असेल आणि बहुतेक वेळ एकटं किंवा दोघं जात असाल, तर स्लाव्हिया किंवा व्हर्टस, १.० टॉर्क कन्व्हर्टर, हवा स्टिकरप्रमाणे ठेवून. पहिल्या आठवड्यात कडक वाटेल, पण तासाभराच्या प्रवासाला तिच्याइतकी सीट या यादीत दुसरी नाही. मागे आई-वडील नेहमी बसणार असतील तर सिटी. पायांची जागा, थंड सीट आणि रुंदी हवी असेल आणि मागे उंच माणूस नसेल तर व्हर्ना.

गाडी ठरली की त्याच व्हेरियंटची, त्याच गिअरबॉक्सची आणि त्याच मापाच्या टायरची दुसरी फेरी मागा, आणि ती तुमच्या ड्युटीच्या वेळेत घ्या. इंदूरच्या एका शोरूममध्ये ते व्हेरियंट नसेल तर दुसऱ्यात किंवा उज्जैनमध्ये विचारा. मगच बुकिंग करा, आणि पावतीवर व्हेरियंटबरोबर टायरचं मापही लिहून घ्या.